तानपुरे आत, तबला कडेला

माइक घ्यायचा म्हणून कुणी विचारायला आलं, की माझं उत्तर ठरलेलं असायचं. चांगला कन्डेन्सर घ्या, कार्डिऑइड घ्या, आणि खटका फिरवून ऐकण्याच्या दिशेचा पॅटर्न बदलणाऱ्या माइकसाठी वरचे पैसे घालू नका. ते पैसे खोलीला लावा, जाड पडदे घ्या, खिडकीच्या फटी बुजवा. हे मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सांगितलं आहे, गाणं शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना फोनवर सांगितलं आहे, माझ्याकडे ध्वनिमुद्रण शिकायला येणाऱ्यांच्या वहीत लिहून दिलं आहे. आता मी ते सांगत नाही. ज्यांनी माझं ऐकून खरेदी केली त्यांतले काही जण हे वाचतील, म्हणून मत कशानं बदललं ते नीट मांडते.

जुन्या मताला कारणं होती आणि ती आजही खरी आहेत. माझं बरंचसं काम निवेदनाचं, ऑडिओ पुस्तकांचं, भावगीतांचं. जागा सदाशिव पेठेत, टिळक रोडच्या हाकेच्या अंतरावर. बसचे ब्रेक, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, आणि गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव. अशा ठिकाणी जो माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं ऐकत नाही, तो देवासारखा वाटतो. कार्डिऑइडचं काम तेच. त्याच्या ऐकण्याचा नकाशा कागदावर काढला तर बदामासारखा दिसतो: समोर भरपूर, बाजूंना कमी, बरोब्बर मागे जवळजवळ काहीच नाही. गायक जवळ बसवायचा, मधे पॉप फिल्टर लावायचा, लो-कट चालू करायचा, की स्वच्छ, भरदार आवाज हातात. तबल्याला वेगळा माइक, पेटीला वेगळा, तानपुऱ्याला वेगळा. ज्याचा त्याचा ट्रॅक, कुणी कुणात मिसळायचं नाही. मिसळलं तर त्याला आम्ही ‘लीकेज’ म्हणतो आणि ते कमी करणं हेच कौशल्य मानतो.

मीही तेच मानत होते. ध्वनिमुद्रण म्हणजे वेगळं करणं. एकदा सगळं सुटं झालं की नंतर हवं तसं जुळवता येतं.

या मताला पहिला तडा गेला तो प्रभात रोडच्या एका गल्लीतल्या जुन्या बंगल्यात. तिथे राहणाऱ्या एका ज्येष्ठ गायिकेला आपल्या शिष्यांसाठी काही राग नीट मुद्रित करून ठेवायचे होते. प्रसिद्धीसाठी नव्हे, शिकवण्यासाठी. सकाळची वेळ, तोडी. मागे दोन मिरजेचे तानपुरे, दोन शिष्या धरून बसलेल्या, एका बाजूला तबला, दुसरीकडे पेटी. मी माझ्या रीतीप्रमाणे पाच माइक लावले. ताईंसमोर कार्डिऑइड, वीतभर अंतरावर. विलंबित संपल्यावर त्यांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“अगं, आवाज माझाच आहे. पण मी एकटी का गातेय?”

“तानपुरे आहेत ना ताई, वेगळ्या ट्रॅकवर आहेत. नंतर वाढवता येतील.”

“नंतर? मी सूर त्यांच्यात लावलाय. नंतर कसे वाढवशील?”

मी लगेच तानपुऱ्यांचे ट्रॅक वर घेऊन दाखवले. तानपुरे मोठे झाले, ऐकूही आले, पण ताईंचा षड्ज त्यांच्यात बसेना. तो शेजारी उभा राहिल्यासारखा वाटत राहिला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मलाही ते ऐकू आलं होतं, आणि एकदा ऐकू आल्यावर विसरता येत नाही.

असं का होतं, याचा विचार करताना मला तानपुऱ्याकडे वळावं लागलं. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तरी तारेतून उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांची सगळी रांग बदलते. दोन तानपुरे चांगले लागले की त्या स्वरांचा खोलीभर एक पट्टा तयार होतो आणि गायिका त्या पट्ट्यात सूर शोधते. म्हणजे तिला जे ऐकू येतं ते तारेपाशी ऐकू येणारं नसतं. हवेत मिसळून, भिंतीला लागून, तिच्या कानामागून येणारं असतं. मी मात्र तानपुऱ्याच्या भोपळ्यापाशी माइक लावून त्याची किणकिण पकडत होते आणि ताईंच्या ओठांपाशी माइक लावून त्यांचा श्वास. ज्या जागी सूर जुळत होता, त्या जागी माझा एकही माइक नव्हता.

दुसरी गोष्ट खर्जाची. दिशा ओळखणाऱ्या कुठल्याही माइकच्या जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात. कार्डिऑइडमध्ये हे होतंच, त्याला आम्ही प्रॉक्सिमिटी म्हणतो. निवेदकाला ते आवडतं, आवाजाला वजन येतं. पण ख्याल गाणारी व्यक्ती स्थिर बसत नाही. ती मान वळवते, पुढे झुकते, तानेला मागे जाते, हात वर नेते. वीतभर अंतरावरच्या माइकसमोर अशा प्रत्येक हालचालीबरोबर आवाजाचा पोत बदलतो. मंद्रातला गंधार पुढे झुकून घेतला तर जाडा, मागे होऊन घेतला तर पातळ. त्यामुळे गायकाला आम्ही सांगतो, “हलू नका.” हे वाक्य मी किती सहज म्हणत असे! ज्या गाण्यात शरीर सुराबरोबर फिरतं, त्या गाण्याला जखडून ठेवायचं आणि त्याला चांगलं मुद्रण म्हणायचं.

पुढच्या बैठकीला एका सहकाऱ्याकडून तीन पॅटर्नचा माइक आणला. आत काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. मधे भोकं पाडलेली धातूची चकती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काही मायक्रॉन जाडीचे, सोन्याचा मुलामा दिलेले प्लास्टिकचे पडदे. प्रत्येक पडदा चकतीच्या साथीनं आपापल्या दिशेचा कार्डिऑइड होतो, एक समोर बघणारा, एक मागे बघणारा. मागच्या पडद्याला विद्युतदाब दिलाच नाही, तर नुसता समोरचा चालतो: कार्डिऑइड. दोघांना सारखा दिला, तर दोघांची बेरीज होते आणि माइक चारी बाजूंनी सारखं ऐकतो: ऑम्नी. मागच्याला उलटा दिला, तर वजाबाकी होते. समोर आणि मागे दोन्हीकडे ऐकू येतं, आणि दोन्ही कडांना, म्हणजे बरोबर नव्वद अंशांवर, शांतता: फिगर-एट. हलणारा भाग एकही नाही. नुसत्या विजेच्या खेळानं ऐकण्याची दिशा बदलते.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत ब्राउनम्युल आणि वेबर यांनी १९३० च्या दशकात ही दुपडदी रचना केली. १९४९ च्या सुमारास आलेल्या न्यूमनच्या यू ४७ मध्ये ऑम्नी आणि कार्डिऑइड खटक्यानं बदलता येऊ लागले. व्हिएन्नाच्या एकेजीचा सी १२ आला १९५३ मध्ये, नऊ पॅटर्न घेऊन, तेही दूर ठेवलेल्या पेटीवरून बदलता येणारे. १९६७ चा यू ८७ हा तीन पॅटर्नचा माइक तर आजही स्टुडिओत गेलं की पहिला डोळ्यात भरतो. १९५३ हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं. त्याच वर्षी आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला.

तर प्रभात रोडच्या बैठकीत आधी ऑम्नी लावून पाहिला, ताईंपासून दोन-अडीच फुटांवर, ओठांच्या किंचित वर. ऑम्नीला प्रॉक्सिमिटी नसते, त्यामुळे त्या कितीही हलल्या तरी खर्ज फुगला नाही. षड्ज तानपुऱ्यात विरघळला. पण तबला अंगावर आला, पेटीनं जागा व्यापली आणि बाहेरच्या आंब्यावरच्या कोकिळेनं आपलाही हक्क सांगितला.

मग खटका फिगर-एटवर नेला. खरं सांगायचं तर हा पॅटर्न मी आयुष्यात जवळजवळ वापरलाच नव्हता. मागून उघडा असलेला माइक खोलीचा सगळा घुमारा आत घेणार, अशी माझी पक्की समजूत होती. आता बैठकीची मांडणी डोळ्यांसमोर आणा. गायिका मधे. तिच्या मागे, दोन खांद्यांच्या बाजूला, तानपुरे. डावी-उजवीकडे, थोडे पुढे, तबला आणि पेटी. माइक गायिकेच्या समोर दोन फूट ठेवला की त्याच्या समोरच्या तोंडात गायिका आणि तिच्या मागचे दोन्ही तानपुरे येतात. तबला आणि पेटी येतात बरोबर कडांना, जिथे फिगर-एट ऐकत नाही. कार्डिऑइड नव्वद अंशांवर फक्त सहा डेसिबल कमी ऐकतो. तबल्यासारख्या वाद्याला सहा डेसिबलनं काय फरक पडतो? उलट, बाजूनं आलेला तो तबला बसका, विचित्र होऊन येतो. फिगर-एटची कड खूप खोल असते. माइक दोन बोटं इकडेतिकडे फिरवत फिरवत मी डाव्या हेडफोनमध्ये तबल्याची चाट नाहीशी होण्याची जागा शोधली. ती सापडली तेव्हा चाट अगदी नाहीशी झाली नाही, पण मागे, खोलीत जाऊन बसली. तानपुरे मात्र होते तिथेच, आवाजाच्या पाठीशी.

आपल्या बैठकीची मांडणी कुणी माइकसाठी केलेली नाही, माइक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. तरीही हा पॅटर्न तिच्यावर असा बसतो, हे मला फार सुंदर वाटतं.

आणि घुमाऱ्याबद्दलची माझी समजूत? चहूकडून येणारा खोलीचा आवाज ऑम्नी जेवढा घेतो, त्याच्या एक-तृतीयांश शक्ती कार्डिऑइड घेतो, आणि फिगर-एटही एक-तृतीयांशच घेतो. हे गणित माझ्या पुस्तकात होतं, मी शिकवलंही होतं. मागून येणाऱ्या ठळक प्रतिध्वनीचा तेवढा बंदोबस्त करावा लागतो. ताईंच्या खोलीत समोर पुस्तकांचं भिंतभर कपाट होतं, माइकची पाठ तिकडे केली आणि काम झालं.

ताईंनी ऐकलं. या वेळी हेडफोन मांडीवर ठेवला नाही, कानावरच ठेवला आणि हलक्या आवाजात स्वतःच्याच मुद्रणाबरोबर गाऊ लागल्या. मग म्हणाल्या, “आता मुलींना कळेल मी कुठे लावतेय ते.”

त्या वाक्यानं मी बदलले. आवाज गोड येतोय, खणखणीत येतोय, हे माझे निकष होते. सूर कुठे लावला हे शिकणाऱ्याला कळतंय का, हा त्यांचा निकष होता. ख्यालाच्या मुद्रणात तोच मोठा आहे असं मी आता मानते. तानपुरा आवाजाबरोबर एकाच माइकमध्ये आला नाही, तर सुराची जागा मुद्रणात येतच नाही. मागाहून मिसळलेला तानपुरा सुराला टेकू देतो, पण जागा दाखवत नाही.

मग जुनं काही नव्यानं ऐकावंसं वाटलं. रिबन माइक मुळातच फिगर-एट असतात आणि १९३० च्या दशकापासून जगभरच्या अनेक रेडिओ केंद्रांत तेच राज्य करत होते. नाटकातली दोन पात्रं माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या डोळ्यांत बघत संवाद म्हणत. जाणारं पात्र कडेला सरकलं की ऐकणाऱ्याला ते दूर गेल्यासारखं वाटे. श्रुतिका ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला हे परिणाम कानानं पाठ आहेत. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून छप्पन्न गीतांचं गीतरामायण प्रसारित झालं, तेव्हाही आजच्यासारखे सुटे ट्रॅक नव्हते. गाणारे आणि वाजवणारे एकत्र बसत आणि तोल माइकसमोरच साधावा लागे. त्याही आधी, प्रभात फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळत. ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मुलं ध्वनी शिकतात, तिथेच. या लोकांना मिसळणं टाळता येत नव्हतं, म्हणून कोण कुठे बसेल, माइक कुणाकडे वळेल, याला त्यांनी पहिलं महत्त्व दिलं. मी त्याला साधनांची कमतरता समजत होते. आता मला ती एक विद्या वाटते, आणि ट्रॅकची सोय आल्यावर आम्ही ती हातची सोडली याचं वाईट वाटतं.

कार्डिऑइड मी टाकून दिलेला नाही. सवाईच्या मंडपात हजारो श्रोते, मोठमोठे स्पीकर, कलाकारासमोर मॉनिटर. तिथे मागचं न ऐकणारा माइकच हवा, नाहीतर शिट्टी सुरू होईल. निवेदन, जाहिरात, गाड्यांच्या आवाजातलं काम, इथेही तोच. पण ऑडिओ पुस्तकांत मात्र मी हळूहळू ऑम्नीकडे वळले. मराठी वाचताना भ, फ, ठ, ध यांचे हवेचे झोत माइकवर आदळतात. ‘फाटक’, ‘भोवरा’, ‘पहाट’ असे शब्द जवळच्या कार्डिऑइडवर फुटतात आणि पॉप फिल्टरही पुरा पडत नाही. ऑम्नी झोताला तेवढा दबकत नाही. वाचणारा पान उलटताना पुढे झुकला तरी आवाज जाडा होत नाही. त्यासाठी खोली शांत लागते, हे मान्य. पण शांत खोली असूनही सवयीनं कार्डिऑइड लावणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलीच होते.

बाकीच्या खटक्यांबद्दल फार लिहीत नाही. आवाज दहा डेसिबलनं उतरवणारा पॅड तबला-पखवाज जवळून घ्यायचा असेल तर उपयोगी. लो-कट बसची घरघर कापतो, पण पुरुष गायकाच्या खर्जाला आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला हात लावू शकतो, म्हणून मी तो आता जपून वापरते. कन्डेन्सरला लागणारा अठ्ठेचाळीस व्होल्टचा फॅन्टम जवळपास प्रत्येक इंटरफेसवर असतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टात मात्र कन्डेन्सरला दमट हवा बाधते, पडद्यावर ओल बसली की चरचर सुरू होते. काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. एवढी निगा राखायची तयारी नसेल तर कन्डेन्सर घेऊच नये.

एक गोष्ट स्वस्त माइक विकणारे सांगत नाहीत. तीन पॅटर्न असणं आणि तिन्ही चांगले असणं वेगळं. दुपडदी माइकचा ऑम्नी वरच्या स्वरांत खरा ऑम्नी राहत नाही, बाजूंनी थोडा मंदावतो. निव्वळ ऑम्नीच हवा असेल तर छोट्या, एकपडदी माइकचा निर्मळपणा त्याला नाही. फिगर-एटची तर दुकानातच परीक्षा घ्यावी: बरोबर कडेला उभं राहून बोलायचं. आवाज पातळ होऊन जवळजवळ संपला पाहिजे, आणि दोन्ही कडांना सारखाच. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आता हेच सांगते, आणि खिसा छोटा असेल तर जुना, वापरलेला पण चांगला तीन पॅटर्नचा माइक शोधायला सांगते.

अडचण उरते ती वेळेची. ताई रागाची वेळ मोडत नाहीत. भैरवाला पुण्यात अजून पहाट मिळते. ऑम्नीसुद्धा लावता येतो, दूधवाल्याच्या आधी. पण मारवा, श्री संध्याकाळचे, आणि संध्याकाळी या शहरात शांतता कुठली? दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, मे महिन्यात घामाघूम व्हायचं. त्या रागांना मी फिगर-एटच लावते, आणि माइकपेक्षा आधी ताईंची बैठकच फिरवून घेते, म्हणजे रस्त्याकडची खिडकी माइकच्या कडेला येते. तबलजींना मग खिडकीला पाठ करून बसावं लागतं. ते बसतात.